डब्ब्याले कुंकू

नातीचं बारसं पुण्याले, अन् मी राळेगावकडल्या आमच्या खेड्यात. डोळ्याचं आपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरनं प्रवास बंद सांगितला. मंग बारसं फोनवरच पाहा लागणार होतं. पण घरात रेंज अशी, का पोरगी बोलाले लागली का तिचं तोंड उघडंच राहे, आवाज काही ये ना. बायको गेल्यापासून घरात आवाज तसाही उरला नव्हता. म्हणून पोरीनं तिकडूनच फायबरवाल्याले सांगितलं.

तो बारशाच्याच सकाळी आला. खांबावरून दोऱ्याएवढी वायर आत घेतली, भिंतीवर पांढरा डब्बा ठोकला, माझा फोन जोडून दिला.

"बाबाजी, या वायरीत करंट नाही, उजेड धावते. तुम्ही इकडं बोलले का पुण्यात पोचलं."

"मंग जपून बोला लागन."

जाताना त्यानं डब्ब्यावरचा बारका दिवा दाखवला. हिरवा दिसला का चालू. लाल झाला का बिघाड, मले बोलवा.

तो गेला अन् शेजारची वहिनी हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. हिनं गावातला एक मोटरपंप पूजेबिगर सोडला नाही.

"नवी वस्तू घरात आली भाऊजी, तशीच ठेवता काय? घरात बाई नाही म्हणून काय झालं?"

बोलणं लागलं. पण बरंही वाटलं. मी चहा ठेवाले आत गेलो, बाहेर येऊन पाहतो तं दिवा लालभडक!

जळून जाईन म्हणून मी बटन बंद केलं. पुन्हा चालू केलं. लाल! पुन्हा बंद. वहिनी म्हणे डब्बा तापला, वारा घाला. मी दुपट्ट्यानं वारा घालतो, ती नारळ कबूल करते. तिकडं बारशाची वेळ होऊन राह्यली. शेवटी अंगणातल्या दगडावर चढून फायबरवाल्याले फोन लावला.

"बाबाजी, वायर कुठं वाकली काय?"

"वायर सरळ हाय. आमीच वाकलो. ये लवकर!"

तो गाडी दामटत आला. बटन दाबलं, जवळ जाऊन पाह्यलं, अन् दिव्यावरून अंगठा फिरवला. अंगठा लाल, दिवा हिरवागार.

"दिव्याले कुंकू कोनं लावलं?"

वहिनी आढ्याकडं पाहाले लागली. "मले वाटलं, ते त्याचं कपाळ हाय."

मी इतका हसलो का डोळ्यातून धारा लागल्या. डॉक्टरनं डोळ्याले पाणी लागू देऊ नको म्हटलं होतं. लागलं तं लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. पाळणा, बाया, फुगे, सगळं पुणं माझ्या तळहातावर.

"बाबा, कवाचे थांबलो आमी! आईचंच नाव ठेवून राह्यलो. पयली हाक तुमी मारा."

आली का पंचाईत! बायकोचं नाव मी जन्मात घेतलं नव्हतं. आमच्या वक्ताले कोनी घेतच नसे. 'अवं', 'आयकलं काय', एवढ्यावर संसार झाला. दवाखान्यात शेवटालेही मी 'अवं'च म्हटलं.

वहिनीनं कोपर मारलं. "मारा नं हाक! आता ते नात हाय, बायको नाही. लाजता कायले?"

"लाजत नाही वं. गळा मोकळा करून राह्यलो."

अन् मारली. वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर मारावी तशी. पोट्टी दचकून रडाले लागली, पुण्यातल्या बाया खो खो हसल्या.

"बाबा, हळू! आयकू येते!"

"बाबाजी, स्पीड चांगला हाय," फायबरवाला म्हणे, "इतका जोर नाही लावा लागत."

मी आणखी एक मारली.