जांभळी इरकल

माझा धाकटा भाऊ सुधींद्र गेल्या वर्षी गेला. त्याच्याविषयी कुणीतरी लिहावं असं वाटे. मला लिहिता येत नाही, पण आता दुसरं कोण लिहिणार?

ब्याण्णव साली, चांगली नोकरी चालू असताना त्याला स्किझोफ्रेनिया झाला. औषधांनी कानातले आवाज थांबले, पण माणसांशी बोलणं गेलं ते गेलंच. मीही भिडस्त. मात्र त्याच्या वतीनं बोलता बोलता मला बोलायला येऊ लागलं. डॉक्टर, कंडक्टर, पाहुणे, सगळ्यांना मीच उत्तर द्यायचो.

दोन हजार सहा साली धारवाडच्या डॉक्टर श्यामलांनी एक यंत्र आणलं. डोळ्यांवर जाड चष्मा बांधला की समोर कापडाचं दुकान दिसे आणि दुकानदार कन्नडात विचारी, "एन बेक्री?" काय पाहिजे? दर गुरुवारी सुधींद्र त्याच्याशी बोलायचा सराव करी.

"त्याला पायच नाहीत, अण्णा," एकदा तो हसत म्हणाला. "नुसतं धड! पण तुझ्यापेक्षा बरा. उत्तर येईपर्यंत थांबतो."

किती वर्षांनी तो मला चिडवत होता.

तीन महिन्यांनी त्यानं ठरवलं, आमच्या थोरल्या बहिणीच्या, शांताक्काच्या साठीला साडी आपण स्वतः घ्यायची. डॉक्टरांनी मला बजावलं, "बरोबर जा, पण बोलू नका. तो अडला तर मनात वीस मोजा."

दाजीबानपेठेतल्या दुकानात आम्ही गादीवर बसलो. दुकानदारानं त्यालाच विचारलं, "एन बेक्री?" सुधींद्रनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी मोजत होतो. मागं दोन बायका खोळंबल्या होत्या. एक काहीतरी कुजबुजली. अकरा झाले असतील, माझ्या तोंडून निघून गेलं, "इरकल दाखवा. हिरवी."

सुधींद्रनं मान खाली घातली. साडी बांधून होईपर्यंत वर केली नाही.

बसमध्ये म्हणाला, "जांभळी म्हणणार होतो."

"परत जाऊ या का?"

"नको. घेतलीस ना तू."

पुढच्या गुरुवारी तो गेला नाही. नंतरही नाही. मी फार आग्रह केला नाही. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं असावं.

साठीच्या दिवशी शांताक्का ती हिरवी साडी नेसून वाढत होती. सुधींद्रच्या पानापाशी थांबून तिनं विचारलं, "भात वाढू का रे?"

सुधींद्रनं माझ्याकडे पाहिलं.

"थोडा वाढ," मी म्हणालो.