सुट्टीची रंगीत तालीम

शहर बसच्या ड्रायव्हरला सुट्टी मिळवायची म्हणजे साहेबाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत. यंदा कशीबशी आठवडाभराची मिळाली आणि त्यानं देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रापर्यंत, घरच्यांना गाडीनं न्यायचा घाट घातला. वाटेत वेळेचा खेळखंडोबा नको म्हणून आदल्या रविवारी रंगीत तालीम ठेवली. मेहुण्याची गाडी मागून आणली. सामान चढलं, आई पुढं बसली, बायको मागं.

"गल्लीला चक्कर मारायला मी डबे भरले," बायको पुटपुटली.

"मधे कुठंही थांबायचं नाही," त्यानं बजावलं आणि गाडी काढली.

पण हाडीमाशी खिळलेली सवय ती. कोपऱ्यावरचा बसस्टॉप दिसताच त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी अशी झोकात थांबली, की स्टॉपवर ताटकळलेल्या एक आजीबाई मागचं दार उघडून पिशवीसकट आत बसल्या. ड्रायव्हर कानकोंडा झाला. बायकोनं हसू दाबत सरकून जागा दिली.

"कुठं जाते ही गाडी?" आजीबाईंनी विचारलं.

"समुद्राला," आई म्हणाली.

आजीबाईंनी क्षणभर विचार केला आणि पिशवी मांडीवर घेतली.

"चालेल. पण खिडकी मला."