संजीवनी माचीवरची शेळी

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार, सकाळचे साडेदहा. राजगडाच्या संजीवनी माचीवर मी दुहेरी तट पाहत उभा होतो. शेजारी एक बाई कडेवर करडू घेऊन खाली वाकली होती. दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात तिची शेळी उतरली होती. माणूस जवळ गेला की ती आणखी आत पळे. अंधार पडल्यावर तिथे बिबट्या फिरतो, असे बाईने सांगितले.

मी तिला तटाची रचना समजावली. बाहेरची भिंत फोडून शत्रू आत शिरला, तर तो दोन तटांमध्ये कोंडला जावा, अशी ती योजना आहे.

"व्हय बाबा," ती म्हणाली, "पर तटाला काय ठावं, शत्रू कोन आन् शेरडू कोन? हे धरा."

तिने करडू माझ्या हाती दिले, मला बोळात उतरणाऱ्या पायऱ्यांपैकी सर्वांत वरच्या पायरीवर बसवले आणि त्याचा कान हलकेच पिळला. ते ओरडले. खालून शेळीने उत्तर दिले, पण ती हलली नाही.

"पोराला दूध पाजायचं सोडून गड बघाया आलीया," असे म्हणत बाईने पुन्हा कान पिळला.

या वेळी शेळी अंधाऱ्या पायऱ्या चढून आली आणि माझ्या मांडीवरच्या पिल्लाला चाटू लागली. बाईने तिला एक शिवी दिली, मग बराच वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून बसली.

तटबंदीविषयीचे माझे मत बदललेले नाही. करडू मात्र फार लहान होते; मांडीवर बसल्या बसल्या त्याने माझे धोतर भिजवले. संध्याकाळी वेल्ह्यात परतल्यावर मी ते धुऊन वाळत घातले.