गुलाबी चौकट

आधी चहा ओता, कारण हे सांगताना माझं डोकं पुन्हा तापणार आहे. आणि तापणार आहे ते स्वतःवरच!

मी पनवेलची, बँकेत नोकरी. भाजीसुद्धा सायकलवरून आणते. रविवारी आमचा सायकलवाल्यांचा ग्रुप जुनी देवळं, दगडातलं कोरीवकाम बघत हिंडतो. आणि बघायला काय मिळतं? ऑइलपेंट! चांगल्या काळ्या दगडावर निळे हत्ती, पिवळे सिंह. माझ्या तर तळपायाची आग मस्तकात जाते.

त्या रविवारी चिरनेरच्या वाटेवर मी एकटीच पुढे निघून गेले होते. एका गावात महादेवाच्या देवळापाशी थांबले. पाहते तर एक वयस्कर काका, हातात ब्रश, शेजारी डबा, आणि दाराची कोरीव दगडी चौकट अर्धी गुलाबी, ओली, चकाकणारी. जत्रा तीन दिवसांवर, म्हणजे रंगरंगोटी आलीच!

तुम्ही असतात तर विचारलं असतंत ना, की काका, काय करताय? मी नाही विचारलं. आधी फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘देऊळ रंगवतायत, ताबडतोब या.’ मग सायकल आपटली आणि तोंड सोडलं. चौकट कोरणाऱ्याच्या मेहनतीपासून गावाच्या अकलेपर्यंत सगळं काढलं. काका काहीतरी सांगू बघत होते, पण मी कसली थांबते! डबा उचलला आणि गटारात उपडा केला.

काकांनी माझ्या हातातला डबा काढून घेतला.

“ताई, आमी रंग लावत नाय. काढतोय.”

रंग काढायचं औषध होतं हो ते! ते लावलं की जुना रंग फुगतो, ओला दिसतो, मग खरवडायचा. काकांनीच तरुणपणी हौसेनं चौकट गुलाबी केली होती आणि आता ती त्यांनाच बघवत नव्हती. जत्रेला गावानं एकदा खरा दगड बघावा, एवढीच इच्छा. उजवी बाजू मोकळी झाली होती. काय वेल होती तिथे, पानापानाची शीर दिसत होती! डावीकडे नुकता कुठे ब्रश लागला होता, आणि औषधाचा डबा तो एकच.

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. डब्याच्या तळाशी थोडं चिकटलेलं होतं. म्हटलं, द्या तो ब्रश, निदान तेवढं मी लावते. काकांनी त्यांचे रबरी हातमोजेही दिले आणि ते पाणी आणायला विहिरीवर गेले.

आणि आमचा ग्रुप येऊन थडकला. अकरा सायकली!

पुढे जोशीसर, ग्रुपचे म्होरके. मी चौकटीला ब्रश लावलेला, कपाळावर गुलाबी फराटा. “तुम्हीसुद्धा?” एवढंच म्हणाले, आणि मग जे सुटले! मी सांगतेय, सर, ऐका तरी. पण ऐकतंय कोण? त्यांनी माझ्या पायाशी ठेवलेला डबा उचलला आणि उरलंसुरलं औषध त्याच गटारात झटकलं.

तेवढ्यात काका कळशी घेऊन परतले. त्यांनी रिकामा डबा बघितला, अर्धी गुलाबी चौकट बघितली, मग आम्हा सगळ्यांकडे बघितलं. आवाज जराही चढवला नाही.

“ताई, तुमच्यात आधी इचारनारा कोन हाय का? फुडच्या येली त्यालाच धाडा.”

अकरा हेल्मेटं खाली झुकली. माझं तर मघापासूनच झुकलेलं होतं.