दगडाखालचा कापूस

अंधेरीला आमच्या शेजारच्या खोलीतले गृहस्थ खनिजं जमवायचे. खाणीत सुरुंग उडाला की धूळ बसायच्या आत तिथे हजर, आणि फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोकळीतले स्फटिक रुमालात बांधून घरी. प्रत्येकाला खोकं, खोक्यात कापसाची गादी. लाडका मात्र इथला नव्हता. एका खलाशाकडून मिळवलेला मेक्सिकोचा अ‍ॅडमाइट, लिंबाच्या सालीसारखा पिवळसर हिरवा. दाखवताना ते कुजबुजत, "श्वास जरा तिकडे सोडा ना."

बायको आतून म्हणायची, "देवाच्या वातीला कापूस नाही, आणि दगडांना गाद्या."

ती गेली त्या सकाळी माझ्या आईने तिला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं आणि नाकात घालायला कापूस मागितला. त्यांनी कपाटातून अ‍ॅडमाइटचं खोकं काढलं, दगडाखालच्या कापसाला बोट लावलं आणि झाकण परत लावलं.

"वाण्याकडून आणतो," म्हणाले.

तिरडी बांधून झाली तरी ते आले नव्हते. शेवटी कापसाचा पुडा घेऊन आले.

आईला चिमूटभरच लागला. मेलेल्या माणसासाठी आणलेलं घरात ठेवत नाहीत, म्हणून उरलेला पुडा ती तिरडीवर ठेवणार होती. त्यांनी तो हळूच मागून घेतला.

तेराव्यानंतर त्यांनी मला बोलावलं. खोक्यातला कापूस पांढराशुभ्र होता.

"जुना पिवळा पडला होता हो," ते म्हणाले. "आता बघा."

मी सवयीने श्वास रोखून वाकलो. रंग खरंच उठून दिसत होता.