तिसरी खुंटी

शोभेच्या बागा कशा करायच्या हे शिकवणाऱ्या संस्थेची बाग सव्वीस वर्षं सांभाळल्यावर मावशींना एक दिवस कळलं, की आपल्याला बागकाम येत नाही. म्हणजे येत असेलही, पण त्याचा कागद नाही. नव्या नियमाप्रमाणे मुख्य माळ्याकडे संस्थेचं प्रमाणपत्र हवं. नसेल तर रोपवाटिकेच्या मागे कुंड्या धुवायला बदली. नियम करणाऱ्यांना गुलाब कुठला आणि शेवंती कुठली हे पाटी वाचून कळायचं. पाट्या मावशींनीच लावलेल्या असल्यामुळे त्यांचं कुठे अडलं नाही.

तर पंचावन्नाव्या वर्षी मावशी वर्गात बसल्या, खिडकीतून आपलीच बाग बघत. शिकवायला आलेले सर बारा वर्षांपूर्वी इथलेच विद्यार्थी. कातर कशी धरायची हे मावशींकडूनच शिकलेले. आता ते पडद्यावर कातरीचं चित्र दाखवून तिचे सात भाग सांगत. मावशींनी सातही पाठ केले. इतकी वर्षं त्या नावांवाचून त्यांनी कसं निभावलं, देव जाणे.

घरी सून अभ्यास घ्यायची. "आई, हिरवळीचे फायदे सांगा."

"बसायला बरी असते."

"असं नाही लिहायचं हो आई."

मग सून सांगेल ते मावशी घोकत. हिरवळीला इतके फायदे आहेत हे हिरवळीच्याही गावी नसावं.

प्रात्यक्षिक परीक्षा ठरली फाटकापासून कार्यालयापर्यंतच्या हिरव्या कुंपणावर. साठ फूट लांब, कमरेइतकं उंच, एकेक रोप मावशींच्या हातचं. सरांनी दोन टोकांना दोन खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली आणि म्हणाले, "दोरीबरहुकूम कापायचं. वर नाही, खाली नाही."

मावशींनी एक डोळा मिटून पाहिलं. एवढी लांब दोरी कितीही ताणली तरी मध्ये झोल पडणारच. "सर, मधोमध तिसरी खुंटी लागेल."

"अभ्यासक्रमात दोनच आहेत, मावशी."

"दोरी मध्ये चार बोटं खाली आलीय. कुंपणाला खड्डा पडेल."

"गुण दोरीप्रमाणे द्यायचे असतात," असं म्हणून सर हातातला तक्ता वाचू लागले. तक्त्यात खड्ड्याचा रकाना नव्हता.

मावशींच्या अगदी जिवावर आलं. नजरेनं सरळ कापावं तर नापास, आणि निवृत्त होईपर्यंत कुंड्या. त्यांनी मूग गिळले आणि कातर चालवली. दोरीपासून केसभर इकडे नाही की तिकडे नाही. शंभरपैकी शंभर गुण. सर म्हणाले, "बघा, शिकलं की हात कसा बसतो."

दुसऱ्या दिवशी संचालक खिडकीशी चहा घेत होते. त्यांनी मावशींना आणि सरांना दोघांनाही बोलावून घेतलं. "कुंपण मधेच बसल्यासारखं का दिसतंय? कुणी कापलं?"

सरांना एकाएकी आपल्या बुटांत फार रस वाटू लागला.

"मी," मावशी म्हणाल्या.

"अहो, इतकी वर्षं किती छान कापत होता तुम्ही."

"तेव्हा शिकले नव्हते ना, साहेब."

बोलून गेल्या, पण मनातून त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती. जे हातानं वाढवलं तेच त्यांनी कागदासाठी बिघडवलं होतं, तेही समजून उमजून. फांदी काही परत चिकटवता येत नाही. कुंपण भरून यायला दोन महिने लागले आणि तेवढे दिवस मुख्य माळीबाई मागच्या दारानं कामाला येत राहिल्या.

तिसऱ्या महिन्यात नवी तुकडी आली. सरांनी त्याच कुंपणाला दोन खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली. मावशी अवजारांच्या खोलीतून तिसरी खुंटी घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर मधोमध ठोकू लागल्या.

"मावशी, अभ्यासक्रमात..."

"अभ्यासक्रम वर्गात, सर. बागेत मला विचारायचं. आता कागद आहे माझ्याकडे."

मुलं सरांकडे बघत राहिली. सर पुढे आले, त्यांनी दोरी उचलून मधल्या खुंटीला एक वेढा दिला आणि गाठ अंगठ्यानं दाबून धरली. बारा वर्षांपूर्वी याच कुंपणाशी मावशींनी त्यांना शिकवलं होतं, अगदी तशीच.