काठावर

ईशा, निखिल,

तुमच्या बाबांनी काल फोनवर विचारलं, "आई, अण्णामामांचा नंबर अजून किती दिवस चालू ठेवणार?" त्यांना उत्तर देण्याआधी तुम्हा दोघांना लिहावं असं वाटलं.

माझे थोरले भाऊ, तुमचे अण्णाआजोबा, यांना पोहता येत नव्हतं. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला, कारवारला, तोही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. पण तुमच्या पर्थच्या किनाऱ्याजवळ शार्क दिसला की इथे बंगळुरात, जयनगरात त्यांना लगेच कळे. पोहायला जाणाऱ्यांना सावध करणारं तिकडचं अ‍ॅप त्यांनी स्वतःच्या फोनवर घेतलं होतं. तुम्ही पोहायला जाता ते सकाळचे नऊ म्हणजे आमचे साडेसहा, त्यामुळे सूचना यायची ती नेमकी कॉफीच्या वेळेला. मग कॉफी बाजूला ठेवून ते एका बोटाने तुम्हाला लिहीत, "शार्क आहे. कुठे आहात?"

तुम्ही दोघांनी "काठावर" असं लिहायचं, हा त्यांचा नियम. तसं आलं की ते कानडीत "सरी", म्हणजे ठीक आहे, असं लिहीत आणि मगच कप उचलत.

ही सवय कारखान्यातली. यशवंतपूरला ते सुरक्षा अधिकारी होते. भोंगा वाजला की सगळे फाटकाबाहेर येत आणि अण्णा यादी घेऊन एकेकाचं नाव पुकारत. "भोंगा कोणीही वाजवेल. माणूस बाहेर आला का, हे त्याच्याच तोंडून ऐकायला पाहिजे," असं ते म्हणत.

सुरुवातीला त्यांना तिथली गावं कळत नसत. एकदा पाचशे किलोमीटरवरच्या शार्कसाठी त्यांनी तुम्हाला पाण्याबाहेर बोलावलं. ईशा हसून म्हणाली, "अण्णाआजोबा, त्याला इथे यायला आठवडा लागेल."

"मग आठवडाभर स्वल्प जपून," ते म्हणाले.

निखिल, तो रविवार तुला आठवत असेल. सूचना तुमच्याच किनाऱ्याची होती. ईशाचं उत्तर आलं, तुझं आलं नाही. अण्णांनी सहा वेळा फोन लावला. कॉफीवर साय धरली. मी म्हटलं, "मुलं मोठी झालीत, अण्णा." त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाऊण तासाने तुझा फोन आला, जरा वैतागलेला. "सायरन वाजला तेव्हाच मी बाहेर आलो. इथे लाइफगार्ड असतात, अण्णाआजोबा."

"सायरनने तुला सांगितलं, राजा," ते हळूच म्हणाले. "मला कोणी सांगितलं?"

त्यानंतर तुझं उत्तर एकदाही चुकलं नाही.

मार्चमध्ये अण्णा गेले. त्यांचा फोन मी देवघराशेजारच्या फळीवर ठेवला आणि सवयीने चार्ज करत राहिले. गेल्या रविवारी साडेसहाला तो वाजला. तुमच्या किनाऱ्यावर शार्क होता. मी चष्मा शोधत होते, मला काही लिहिता आलं नव्हतं, विचारणारं तर कोणीच नव्हतं. तेवढ्यात आधी निखिलचा आणि मागोमाग ईशाचा निरोप आला. दोन्हींत तो एकच शब्द.

मी "सरी" लिहिलं आणि कॉफी घेतली.

बाबांना सांगा, नंबर चालू आहे.